वडापचं शहर

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये टॅक्सी म्हणजे वडाप. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते. त्रिनिदाद बेटाच्या या राजधानीत हात केल्यावर थांबते ती गाडी आपल्या एकट्यासाठी थांबलेली नसते. साधी चार दारांची कार, छपरावर दिवा नाही, अंगावर ठरावीक रंग नाही, मीटर तर नाहीच. ओळख एकच, नंबरप्लेटचं पहिलं अक्षर. 'एच' असेल तर भाड्याची, 'पी' असेल तर खाजगी. प्रत्येकीचा रस्ता ठरलेला, भाडं ठरलेलं, आणि पुढे एक, मागे तीन अशी सीटं भरल्याशिवाय ती स्टँडवरून हलत नाही.

कोणत्या कोपऱ्यावरून कुठली गाडी सुटते याची पाटी मला कुठंही दिसली नाही. मारावलची गाडी एका कोपऱ्यावर, सेंट ॲन्सची दुसऱ्या, दिएगो मार्टिनची आणखी कुठंतरी. विचारत जायचं. विचारलं की माणसं नुसता हात दाखवून मोकळी होत नाहीत, दोन पावलं बरोबर येतात, आणि गाडीवाल्याला 'हिला अमुक ठिकाणी उतरव' म्हणून बजावून मगच परततात.

याच्या जोडीला मॅक्सी टॅक्सी. या पांढऱ्या मिनीबस, लहान बारा सीटांच्या आणि मोठ्या पंचवीस सीटांच्या. त्यांच्या अंगावर आडवा रंगीत पट्टा असतो आणि तो पट्टाच दिशा सांगतो. पिवळा पट्टा राजधानी आणि तिच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांसाठी. लाल पट्टा पूर्वेला, अरिमाकडे. हिरवा दक्षिणेला, चाग्वानास आणि सान फर्नांडोकडे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बेटभर फिरता यावं इतकी ही सोपी व्यवस्था आहे, आणि मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

माझं तिथलं राहणं कामानिमित्तचं. गाडी चालवायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूची, त्यामुळे ती अडचण नव्हती. पण नवीन गाव काचेआडून कळत नाही असं मला मनापासून वाटतं. तिथं भेटलेल्या सुस्थितीतल्या लोकांना हे अजिबात पटलं नाही. पायी फिरू नकोस, संध्याकाळी तर नाहीच, आणि पूर्वेकडे चुकूनही पाऊल टाकू नकोस, असं प्रत्येकानं काळजीनं सांगितलं. ती काळजी खरी होती. टोळ्यांची भांडणं, गोळीबार, खून यांनी हा देश गेली कित्येक वर्षं पोळला आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी सरकारनं त्यासाठी आणीबाणी लावली होती. वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचून घराबाहेर पडू नये असंच वाटतं.

तरीही रोज सकाळी लाखभर माणसं अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून कामावर जातातच. ते कसं जमतं, हे मला गाडीत बसल्यावर कळायला लागलं.

दार उघडून आत शिरताना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. एकट्या ड्रायव्हरला नाही, अख्ख्या गाडीला. मग गाडी उत्तर देते. पुढच्या सीटवरचा पोलीस शिपाई, मागे खिडकीशी बसलेली नर्स, मध्ये चेपून बसलेला शाळेचा पोरगा, सगळे एका सुरात. दुपारी 'गुड आफ्टरनून'. अंधार पडल्यावर आत शिरताना म्हणतात ते 'गुड नाईट'. कुणी न बोलता बसलं तर एखादी वयस्कर बाई मान वळवून त्याच्याकडे अशी बघते की त्याच्या तोंडून आपोआप शब्द फुटतो. एकदा पावसात भिजलेली एक शाळकरी मुलगी आत आली, दप्तर छातीशी धरून कुडकुडत बसली, आणि काहीच बोलली नाही. शेजारच्या आजीबाईंनी आधी आपल्या पिशवीतला टॉवेल काढून तिच्या मांडीवर ठेवला, आणि मग म्हणाल्या, "आता सांग बाळ, आम्हा सगळ्यांना गुड मॉर्निंग." मुलगी हसली, म्हणाली. भाडं द्यायच्या वेळी तिच्याकडं थोडी नाणी कमी पडत होती. ती कुणी भरली हे मला दिसलं नाही, कारण पैसे मागून पुढे हातोहात जातात आणि सुटे तसेच परत येतात.

कुणी म्हणेल ही नुसती रीत आहे. मला ती त्याहून मोठी गोष्ट वाटते. चार अनोळखी माणसं दार बंद करून एका छोट्या जागेत बसतात, तेव्हा प्रत्येकानं आपला आवाज आधी ऐकवायचा, समोरच्याचा ऐकायचा. मी आहे, मला तू दिसलास, एवढं एकमेकांना कळवून मगच प्रवास सुरू करायचा. या शहराची सगळी वाहतूक अशा विश्वासावर चालते, आणि तो विश्वास किती नाजूक आहे हे इथल्या बायकांना कुणी सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये अरिमाला कामावरून घरी जायला निघालेली एक तरुणी अशाच एका गाडीत बसली. नंबरप्लेटवर 'एच' होतं, पण ती पाटी खोटी होती. काही दिवसांनी डोंगरात तिचा मृतदेह सापडला. देशभर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी परवाना घेऊन पेपर स्प्रे बाळगू देणारा कायदा झाला. आजही मुली गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवतात. फोटो पाठवून होतो, मग दार उघडतं, मग 'गुड मॉर्निंग'. मीही तसंच करायला शिकले.

अरिमाला आणि पूर्वेकडे जायचं असेल तर शहराच्या दक्षिण टोकाला, साउथ कीवर, सिटी गेट नावाचं मोठं बसस्थानक आहे. इमारत बघितली की लगेच लक्षात येतं, हे बससाठी बांधलेलं नाही. हे जुनं रेल्वे स्टेशन. १८७६ मध्ये इथून अरिमापर्यंत पहिली गाडी धावली, पुढे रूळ बेटाच्या दक्षिणेपर्यंत पोचले, ऊस आणि कोको आणि माणसं त्यावरून आली-गेली, आणि डिसेंबर १९६८ मध्ये शेवटची गाडी धावून सगळं बंद झालं. रूळ उखडले गेले, त्या पट्ट्यावर डांबर पडलं, आणि आज तोच 'प्रायॉरिटी बस रूट' आहे. त्यावर सरकारी बस, लाल पट्ट्याच्या मॅक्सी आणि परवाना असलेल्या मोजक्या गाड्या एवढ्यांनाच मुभा. बसचं तिकीट आत चढण्याआधी खिडकीवर काढून ठेवावं लागतं. एकदा का लाल पट्टा त्या रस्त्याला लागला की शेजारच्या महामार्गावर तुंबलेल्या मोटारींच्या रांगा बाजूला पडतात आणि तुम्ही गावांच्या परसदारांतून सुसाट निघता. केळीची झाडं, वाळत घातलेले कपडे, छोट्या मशिदी, झेंडे लावलेली घरं. डावीकडे सबंध वेळ उत्तरेची डोंगररांग.

तेलाचा पैसा, स्वस्त पेट्रोल आणि मोटारीची हौस, या तिघांनी मिळून ही रेल्वे खाल्ली. पुढे २००० नंतरच्या दशकात नवीन जलद रेल्वेची मोठी योजना आखली गेली आणि २०१० मध्ये सरकार बदलल्यावर ती गुंडाळली गेली. मला याचं फार वाईट वाटतं. रोज सकाळी बेटाची निम्मी जनता राजधानीच्या तोंडाशी तासन् तास अडकून पडलेली मी पाहिली आहे. हाताशी असलेली रेल्वे मोडणं हा मोठा घात होता, आणि आपल्याकडं नॅरोगेजच्या एकेक फांद्या तुटताना पाहिलेल्या कुणालाही तो कळेल.

सिटी गेटच्या बाहेर पडलं की शहर पायांना अगदी सोपं आहे. उभे-आडवे रस्ते, एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर. चुकणं अवघड. समुद्रालगतचा रुंद पट्टा म्हणजे इंडिपेन्डन्स स्क्वेअर. त्याच्या मधल्या फरसबंद भागाला ब्रायन लाराचं नाव दिलंय. पूर्वी इथपर्यंत समुद्र होता, तो भर घालून मागं सारला. पूर्व टोकाला काळसर दगडाचं कॅथलिक कॅथीड्रल, मधोमध कॅप्टन सिप्रियानी या कामगार पुढाऱ्याचा पुतळा, आणि आजूबाजूला बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. तिथून फ्रेडरिक स्ट्रीट सरळ उत्तरेला निघतो. कापडाची दुकानं, फुटपाथवर मांडलेले मोबाईलचे कव्हर आणि मोजे, दारात स्पीकर लावून ओरडणारा पोऱ्या. हा भाग मी भरभर ओलांडायचे, कारण पुढं वुडफर्ड स्क्वेअर वाट बघत असायचा.

वुडफर्ड स्क्वेअर म्हणजे लोखंडी कठड्याचा, झाडांनी भरलेला एक चौक. पश्चिमेला लाल रंगाची संसद, रेड हाऊस. १९०३ मध्ये पाण्याच्या नव्या कायद्यावरून इथं लोक भडकले. पाण्याचा वापर मोजून दर लावायचा, आणि विधिमंडळात त्यावर चर्चा चालू असताना आत जायला तिकीट हवं, असा सरकारचा हेका. जमावानं दगड मारले, इमारत पेटली, पोलिसांच्या गोळीबारात १६ माणसं मेली. आजची इमारत त्यानंतरची, १९०७ ची. १९९० च्या जुलैत सशस्त्र बंडखोरांनी याच इमारतीत शिरून पंतप्रधानांसह खासदारांना ओलीस धरलं. अलीकडे दुरुस्तीसाठी जमीन खणली तेव्हा खाली हाडं मिळाली, इथल्या मूळ रहिवाशांची, स्पॅनिश जहाजं यायच्या आधीची. २०१९ मध्ये त्यांच्या वंशजांनी विधीपूर्वक ती त्याच आवारात पुन्हा पुरली. एका चौकाच्या कडेला उभं राहून एवढं सगळं समोर असतं.

आणि चौकाच्या आत, १९५५ मध्ये, एरिक विल्यम्स नावाचा इतिहासकार संध्याकाळी भाषणं द्यायला लागला. वसाहतवाद, गुलामगिरी, राज्यघटना, जगाचा इतिहास, असे विषय. गोदीतले हमाल, मोलकरणी, कारकून हजारोंनी ऐकायला उभे राहत. या चौकालाच त्यानं विद्यापीठ म्हटलं, 'युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर'. पुढच्या वर्षी पक्ष निघाला, आणि ३१ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हा इतिहासकार पंतप्रधान होता. आजही दुपारी चौकाच्या कोपऱ्यात घोळका जमतो आणि कुणीतरी तावातावानं बोलत असतं. मी कित्येकदा ऐकत थांबले. कुणी मला 'तू कोण' असं विचारलं नाही. मला कुठली बाजू पटली हे मात्र आवर्जून विचारलं.

तसंच उत्तरेला चालत राहिलं की वस्ती अचानक संपते आणि समोर क्वीन्स पार्क सव्हाना उघडतं. हे एक प्रचंड मैदान, सुमारे २६० एकरांचं. एके काळी इथं उसाचा मळा होता. १८१७ मध्ये गव्हर्नर वुडफर्डनं पेशिए नावाच्या कुटुंबाकडून तो शहरासाठी विकत घेतला. कुटुंबाची दफनभूमी तेवढी त्यांनी राखून ठेवली, आणि आजही मैदानाच्या मधोमध भिंतीआड ती तशीच आहे. मैदानाभोवती मोटारी एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. आतून पायवाट. एक फेरी साडेतीन किलोमीटरच्या वर भरते. संध्याकाळी सगळं गाव इथं: धावणारे, बाळगाडी ढकलणारे, फुटबॉल खेळणारे, ट्रकच्या मागच्या फळीवर शहाळ्यांचा ढीग लावून कोयत्यानं सोलणारे.

इथली झाडं बघून मी पहिल्याच दिवशी थबकले. पर्जन्यवृक्ष! मुंबईच्या रस्त्यांवर ज्यांच्या सावलीतून आपण पिढ्यान् पिढ्या चाललो, ते झाड मूळचं याच मुलखातलं. इथं त्याला समान म्हणतात. त्याच्या फांद्या इथं कुणी विजेच्या तारांसाठी छाटलेल्या नाहीत, त्यामुळे तो किती रुंद होऊ शकतो ते मी प्रथमच पाहिलं. रस्त्यापलीकडच्या वनस्पती उद्यानात कैलासपतीही आहे, तोही दक्षिण अमेरिकेचाच. खोडालाच लागलेली फुलं, खाली तोफगोळ्यांसारखी फळं. आपल्या शंकराच्या देवळापाशी पाहिलेलं झाड इथं त्याच्या माहेरी भेटलं याचा मला फार आनंद झाला. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत पोई नावाचं झाड पानं गाळून नुसतं पिवळं आणि गुलाबी होतं, त्याबद्दल तर लिहीत बसले तर थांबणं अवघड.

मैदानाच्या पश्चिम कडेला सात वाड्यांची रांग आहे, कोकोच्या श्रीमंतीच्या काळातली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. एक स्कॉटिश गढीसारखा, एक फ्रेंच धाटणीचा, एक आर्चबिशपचा. मला त्यात जिव्हाळा वाटला तो घड्याळाच्या मनोऱ्याच्या क्वीन्स रॉयल कॉलेजचा, कारण एरिक विल्यम्स याच शाळेतला विद्यार्थी. बाकी वाडे बाहेरून बघायचे आणि पुढं जायचं.

पश्चिमेला जायला पिवळा पट्टा. वाटेत वुडब्रुक लागतं. इथल्या गल्ल्यांना कार्लोस, लुइस, अल्फ्रेदो, रोसालिनो, आना अशी घरातल्या मुलांसारखी नावं आहेत, आणि ती खरोखरच मुलांची नावं आहेत. ही जमीन 'अँगोस्टुरा बिटर्स' हा मद्यात घालायचा कडू अर्क बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाची, त्यांनी गल्ल्यांना आपल्या पोराबाळांची नावं दिली. लाकडी नक्षीच्या झालरींची छोटी घरं अजून काही उरली आहेत. ती पाडून काचेच्या इमारती उठताहेत, आणि ज्याला डोळे आहेत त्यानं हा भाग लवकर पायी बघून घ्यावा.

मग ट्रागारेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हल. मराठी माणूस इथं न उतरता पुढं जाऊच शकत नाही. मार्च १९७१, अजित वाडेकरांचा संघ. दिलीप सरदेसाईंचं शतक, ११२. एकनाथ सोलकरांच्या ५५. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. सात गडी राखून विजय, वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिलावहिला. मडगावचा एक आणि मुंबईचे तिघे, एवढ्या दूरच्या या हिरवळीवर. त्याच मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत गावसकर पुन्हा इथंच १२४ आणि २२०. बेटावरच्या एका कॅलिप्सो गायकानं त्यांच्यावर गाणं रचलं. पुढे १९७६ मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठून भारतानं जिंकलेला सामनाही इथलाच, तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. माझ्या वडिलांना हे सगळे आकडे तोंडपाठ. गेटवरच्या रखवालदाराला मी म्हटलं, मी गावसकरांच्या मुलखातली. त्यानं कुलूप काढलं, आणि उत्तरेच्या डोंगरांकडे तोंड करून मला पायरीवर हवा तितका वेळ बसू दिलं. मी वडिलांना फोन लावला आणि कॅमेरा मैदानाकडे धरला. ते बराच वेळ नुसते बघत होते, मग त्यांनी विचारलं, "पॅव्हेलियन कुठल्या बाजूला?"

ओव्हलच्या पुढं सेंट जेम्स. वेस्टर्न मेन रोडच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या वाचत चालायच्या: कलकत्ता, दिल्ली, मद्रास, लखनौ, पाटणा, बनारस, गंगा. पेरू नावाच्या ऊसमळ्याची ही जागा. १८४५ च्या ३० मे रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज पहिले करारबद्ध हिंदी मजूर घेऊन या बेटाला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशी आली. बहुतेक कलकत्त्याहून चढलेली, भोजपुरी मुलखातली, थोडी मद्रासकडची. करार संपल्यावर काही जण या मळ्याच्या जमिनीवर स्थिरावले. आपल्याकडची माणसं त्यांत जवळपास नव्हतीच, आणि त्यामुळे मला तिथं घर सापडल्याचा आव आणायचा नाही. पण काही गोष्टी ओळखीच्या निघतातच. ठेल्यावर 'सहीना' विकतात, म्हणजे अळूची पानं डाळीच्या पिठात घालून तळलेली. पहिला घास खाल्ला आणि आईची अळुवडी समोर आली, फक्त गूळ-चिंच आत नसून वरून चटणीत.

मोहरमला सेंट जेम्सचा हा रस्ता रात्रभर जागा असतो. इथं त्याला होसे म्हणतात. बांबू, कागद आणि वर्खाचे भलेमोठे ताबूत, आणि एक लाल, एक हिरवी अशा दोन अवजड चंद्रकोरी. एकेक माणूस आळीपाळीनं ती खांद्यावर पेलून गिरक्या घेत नाचवतो. आणि ताशे. मातीच्या वाडग्यावर बकऱ्याचं कातडं, रस्त्याच्या कडेला जाळ करून त्यावर तापवून चढवलेलं, सोबत ढोल आणि झांज. मी पुण्याची, ताशाचा आवाज चढला की माझ्या पायांना कुणी सांगावं लागत नाही. वाजवणाऱ्यांत मुसलमान, हिंदू, आफ्रिकी वंशाचे, सगळे होते, आणि एका पथकाचा म्होरक्या जेमतेम मिसरूड फुटलेला मुलगा होता.

रस्त्यावर खायचं ते डबल्स. हे सांगायला मला वेळ घ्यायचाय. हळद घातलेल्या मैद्याच्या पिठाचे दोन तळलेले मऊ 'बारे'. ठेलेवाला डाव्या हाताच्या तळव्यावर कागद घेतो, त्यावर बारे एकावर एक थोडे सरकवून टाकतो, उजव्या हातानं पातळसर छोल्यांचा एक पळा, मग काकडी, चिंचेचं पाणी, कैरीचा 'कुचला', आणि नजर वर न उचलता विचारतो, "पेपर?" मिरचीची चटणी किती ते सांगायचं: 'स्लाइट' किंवा भरपूर. उत्तर संपायच्या आत कागदाची दोन्ही टोकं पिळून पुडी तुमच्या हातात. उभ्याउभ्या, ओंजळीत धरून, पुढं वाकून खायचं. १९३० नंतरच्या दशकात बेटाच्या दक्षिणेला, प्रिन्सेस टाउनमध्ये एका हिंदी वंशाच्या कुटुंबानं हे विकायला सुरुवात केली. आज न्यायाधीश आणि गवंडी एकाच ठेल्यापाशी सकाळी सातला रांगेत असतात. हिशेब खाऊन झाल्यावर. किती खाल्ले ते तुम्ही सांगायचं आणि ठेलेवाल्यानं मानायचं.

राहिली पूर्व बाजू, जिकडे जाऊ नको म्हणून सगळ्यांनी बजावलं होतं. शहराच्या मधल्या भागाला पूर्वेकडून अडवते ती काँक्रीटमध्ये बांधलेली एक नदी. पूर्वी ती आजच्या बाजारपेठेतून वाहायची. १७८७ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर चाकोननं तिला डोंगराच्या पायथ्याशी वळवलं. लोक तिला ईस्ट ड्राय रिव्हर म्हणतात. पलीकडे चढावर लावेंटील, एकमेकांच्या खांद्यावर उभी असलेली घरं आणि जिने. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांतून सुटलेली माणसं इथं येऊन राहिली. आज टोळ्यांच्या भांडणाची सगळ्यात जास्त झळ याच वस्तीला बसते. 'लावेंटील' एवढा पत्ता सांगितला की नोकरी हुकते, असं मला तिथल्या एका तरुणानं सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज जराही चढला नव्हता.

आणि याच डोंगरावर, याच पूर्वेकडच्या गल्ल्यांत, स्टीलपॅन हे वाद्य जन्मलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी कातड्याच्या ढोलांवर बंधनं घातली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. मग बिस्किटांचे डबे, कचऱ्याची पिंपं, मोटारीचे ब्रेकड्रम. १९३० नंतरच्या दशकात कुणाकुणाच्या लक्षात आलं की ठोकून पोचा आलेल्या पत्र्यातून वेगवेगळे सूर निघतात. आणि या बेटावर तेलाच्या पिंपांना तोटा नव्हता. पिंपाचा तळ घणानं ठोकत ठोकत वाटीसारखा खोल करायचा, त्यावर सुरांच्या जागा आखायच्या, त्यांच्या कडा छिन्नीनं ठोकून वेगळ्या करायच्या, पिंप हवं तेवढं कापून आगीवर तापवायचं, आणि मग लहान हातोडीनं एकेक जागा सुरात आणायची. वरच्या पट्टीच्या पॅनचं पिंप अगदी आखूड कापतात, खर्जासाठी अख्खी पिंपं, एका वादकाभोवती सहा नाही तर नऊ. सुरुवातीला पॅन वाजवणाऱ्या पोरांना गुंड म्हणत, पोलीस पॅन जप्त करत, आया मुलांना कोंडून ठेवत. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झालं. ज्यांना शहरानं नदीपलीकडे ठेवलं त्यांनीच शहराला त्याचा आवाज दिला, आणि तरी नदी अजून मध्ये आहे, ही गोष्ट मला तिथं असताना रोज टोचत राहिली.

पॅन ऐकायचं ते पॅनयार्डात, म्हणजे पथकाच्या अंगणात. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. वुडब्रुकमध्ये हॅमिल्टन स्ट्रीटला फेज टू. कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत रोज रात्री तालीम असते आणि कुणीही जाऊन बसावं, तिकीट नाही. मोठ्या पथकात शंभर-सव्वाशे वादक. बँकेतून थेट आलेली बाई, गॅरेजवाला, शाळेच्या गणवेशातली मुलगी, जपानहून खास यासाठी आलेला विद्यार्थी. बहुतेकांच्या समोर कागद नसतो. संयोजक एक तुकडा वाजवून दाखवतो, ते ऐकून उचलतात, शंभरदा घोटतात, मग पुढचा. पूर्ण रचना तुकड्यातुकड्यानं अशी बोटांत बसते. एका रात्री खर्जवाल्यांचा एकच तुकडा जमेना. संयोजकानं सगळ्या अंगणाला थांबवलं आणि त्या पाच-सहा जणांकडून तो इतक्या वेळा वाजवून घेतला की शेजारी मक्याचं सूप विकणारी काकूही तोंडानं तो म्हणायला लागली. सूप मस्त होतं, तिखट, जाडसर, मक्याची आख्खी चाकं तरंगणारी. तिनं माझ्याकडून पैसे घेतले, मला बसायला आपला उलटा क्रेट दिला, आणि मी कशी जाणार हे विचारून घेतलं.

तर कुणी जाणार असेल तर जानेवारीत जा, रात्री नऊनंतर जा, आणि परतीची गाडी काकूला विचारून घ्या. तिनं मला ज्या गाडीत बसवलं, तिचा ड्रायव्हर त्याच पथकात टेनर, म्हणजे वरच्या पट्टीचं पॅन, वाजवत होता आणि तालीम संपेपर्यंत निघणार नव्हता. आम्ही चौघं त्याच्यासाठी थांबलो.